हिवरगडावरचा रोट

श्रावणात घरोघरी बसवतात त्या खानदेशातल्या कानबाई देवीच्या रोटांसाठी, म्हणजे गुळाच्या पाण्यात मळून भाजलेल्या जाड पोळ्यांसाठी, गहू काढायची हिलालनानांच्या घरातली रीत ठरलेली होती. घरच्या कर्त्याने एकेकाचं नाव घ्यायचं आणि घरातल्या थोरल्या बाईने त्या नावाची सव्वा मूठ सुपात टाकायची. सव्वा मूठ म्हणजे एक गच्च भरलेली मूठ आणि तिच्यावर पाव मूठ. नावं संपली की सूप उचलायचं. मग त्यात एक दाणा घालायचा नाही की काढायचा नाही. ज्याची मूठ सुपात पडली त्यानेच रोट खायचा, बाहेरच्याने नाही. भाजून झालेले रोट मोजायचे नाहीत. आणि श्रावणातल्या पुनवेचा सूर्य मावळायच्या आत सगळे संपवायचे. उरला, तर ज्याच्या नावाचा उरला त्याच्यासाठी ते बरं नसतं, असं भिकुबाईच्या सासूने तिला सांगितलं होतं. काय बरं नसतं ते मात्र सांगितलं नव्हतं, आणि म्हणूनच भिकुबाईला त्याची जास्त धास्ती वाटायची.

गेली चार वर्षं हिलालनाना पाच नावं घेत होते. स्वतःचं, बायको भिकुबाईचं, थोरल्या योगेंद्रचं, सून दिपमालाचं आणि नात नव्याचं. नव्याचं नाव झालं की ते गुडघ्यांवर हात टेकून उठायचे. धाकट्या स्वप्नीलचं नाव ते घेत नसत.

स्वप्नील सातपुड्याच्या पायथ्याला एका आश्रमशाळेत शिकवत होता. तिथल्याच आरोग्य उपकेंद्रात ममता नर्स होती, पावरा आदिवासी समाजाची. चार वर्षांपूर्वी दोघांनी लग्न केलं आणि मग घरी सांगितलं. नाना ओरडले नाहीत, कुणाला काही बोलले नाहीत. "त्यानं त्यानी देखी लिधं," त्याचं त्याने पाहून घेतलं, एवढंच म्हणाले आणि कपाशीला पाणी द्यायला निघून गेले. त्यानंतर बोरखेड्याच्या त्या घरात स्वप्नीलचं नाव मोठ्याने कुणी घेतलं नाही. लग्नाचा, मग मुलीच्या बारशाचा फोटो दिपमालाच्या फोनवर आला, पण ते सगळं स्वयंपाकघरात, भिंतीकडे तोंड करून पाहायचं असं होऊन बसलं.

या वर्षी नव्याचं नाव झालं, नाना उठले आणि चपला शोधायला ओट्याकडे वळले. तेवढ्यात भिकुबाईने पोत्यात हात घातला. एक मूठ, वर पाव मूठ. ओठांतल्या ओठांत "स्वप्नील" म्हणाली आणि सोडली. बासष्टाव्या वर्षी केलेली ही तिची पहिली चोरी. एक दाणा खाली सांडला नाही.

गिरणीवाल्याने चक्की धुऊन ठेवलीच होती, गावातली रोटांची दळणं त्या दिवशी एकामागून एक निघाली. रविवारी कानबाई बसली, रात्रभर गाणी झाली, सोमवारी वाजतगाजत तिला बोळवली. पाच रोट ज्याचे त्याने खाल्ले. सहावा भिकुबाईने धुतलेल्या पांढऱ्या फडक्यात बांधला, स्टीलच्या डब्यात घातला आणि डबा ज्वारीच्या कोठीत खोल सारला.

आता प्रश्न एवढाच होता, की तो पुनवेच्या आत स्वप्नीलच्या पोटात कसा जाणार.

"जळगावला बोलावू त्यांना, आमच्याकडे," योगेंद्र फोनवर म्हणाला होता.

"आणि खाली जीवरामआबा आहेत ते?" मागून दिपमालाचा आवाज आला.

जळगावच्या मेहरूण भागात योगेंद्र राहायचा त्या बिल्डिंगमध्ये खालच्या मजल्यावर नानांचे चुलतभाऊ जीवरामआबा राहत होते. आबांच्या गॅलरीतून तलाव दिसायचा, पण आबा तलाव कधी पाहत नसत. कोण आलं, कोणाच्या हातात काय पिशवी होती, किती वाजता गेलं, हे संध्याकाळपर्यंत बोरखेड्याला पोहोचलेलं असायचं.

मग दिपमालालाच हिवरगडाचा किल्ला सुचला. ती जळगावच्या एका शाळेत विज्ञान शिकवायची आणि कुठलीही गोष्ट फळ्यावर आकृती काढल्यासारखी सांगायची. "आई, गडाला दोन वाटा आहेत. आपण दक्षिणेकडून पायऱ्यांनी चढायचं. ते उत्तरेकडून, जंगलातून येतील. पाऊण-एक तासाची चढण, लहान मुलंसुद्धा चढतात. घरी सांगायचं, नव्याला किल्ला दाखवायला नेतोय. यात खोटं काही नाही."

"खोटं नही, पन खरं बी नही," भिकुबाई म्हणाली. पण तिने नको म्हटलं नाही.

राखीपौर्णिमेच्या शनिवारी सकाळी जळगावहून गाडी आली. योगेंद्र नानांनाही चला म्हणाला. ते ओट्यावर दोर वळत बसले होते.

"गडवर काय देखाना? पडेल दगडं," नाना म्हणाले. मग भिकुबाईच्या खांद्यावरच्या पिशवीकडे न बघता योगेंद्रला म्हणाले, "तिना गुडघा दुखस. दम खात चला."

गाडी गावाबाहेर पडेपर्यंत भिकुबाईने पिशवी मांडीवर दोन्ही हातांनी धरून ठेवली होती. नव्याने विचारलं, "आजी, त्यात काय आहे?"

"काकाना खाऊ."

"मला?"

"तू तुना खादा."

नव्या नऊ वर्षांची होती. स्वप्नीलकाका तिला फोनवर कोडी घालायचा तेवढाच माहीत होता. "काकाचा वेगळा का ठेवला?" ती म्हणाली. रावेरकडून आलेले केळीचे ट्रक रस्त्याच्या कडेला उभे होते, त्यांचे नंबर वाचण्यात ती रमली.

गडाच्या पायथ्याला सात-आठ गाड्या लागल्या होत्या. श्रावणात शनिवार-रविवारी तिथे कुटुंबंच्या कुटुंबं येत. वनखात्याच्या फाटकावर एकाने वहीत नावं लिहून घेतली आणि सांगितलं, "सहाच्या आत खाली या. नंतर फाटक बंद." तेव्हा बारा वाजायला आले होते.

पायऱ्या कातळात खोदलेल्या होत्या, मधेमधे झिजून गुळगुळीत झालेल्या. नव्या मोठ्याने मोजत पुढे गेली. भिकुबाई प्रत्येक पायरीवर आधी बरा पाय ठेवायची, मग दुखरा ओढून घ्यायची. दोन्ही बाजूंना अंजनाची झाडं होती, पावसाने काळी झालेली खोडं आणि वर कोवळी पानं. दिपमालाने एक पान तोडून नव्याला दाखवलं. "बघ, दोन पानं देठाशी जोडलेली असतात. पाणी कमी असलं की मिटतात."

"दिपा, प्रत्येक झाडाशी थांबलीस तर सहा इथेच वाजतील," योगेंद्र धापा टाकत म्हणाला.

"तू थांबतोयस. मी शिकवतेय."

"मी? मी मायसाठी थांबतोय."

"मी तं पुढे शे," दहा पायऱ्या वरून भिकुबाई म्हणाली, आणि मागून धुळ्याकडचं एक मोठं कुटुंब येत होतं त्यातल्या बाया हसल्या.

अर्ध्या वाटेवर कातळाच्या काळ्या थरांमध्ये हातभर जाडीचा लाल पट्टा लागला. ओल्या विटेसारखा रंग. दिपमालाने बोट लावून बघितलं, बोट लाल झालं. "इथे एकदा लाव्हा वाहिला. मग तो थंड झाला, त्यावर माती झाली, कदाचित गवतही उगवलं असेल. मग पुन्हा लाव्हा आला, त्याने ती माती भाजली. हा लाल पट्टा म्हणजे मधला काळ."

"मजारना काय?" भिकुबाईने विचारलं.

"मधला काळ, आई. दोन लाव्ह्यांच्या मधला. जेव्हा काहीच घडलं नाही तेव्हाचा."

"कितला?"

"नक्की नाही सांगता येत. हजारो वर्षं असतील."

भिकुबाईने त्या पट्ट्यावर तळहात टेकला आणि दम घेतला. तिच्या मनात आलं, चार वर्षं म्हणजे यात केवढी? नखाएवढीही नसतील. मग तिला स्वतःचाच राग आला. हजार वर्षं दगडाला असतात. स्वप्नीलची मुलगी अडीच वर्षांची झाली होती आणि तिच्या आजीने तिला एकदाही हात लावला नव्हता.

वरच्या दरवाजाची कमान अर्धी उभी होती. आत गेल्यावर पठार लागलं. पडलेली तटबंदी, छप्पर गेलेलं कोठार, पाण्याची चार टाकी आणि सगळीकडे गुडघाभर हिरवं गवत. मुलं बुरजावर पळत होती, कुणी सतरंजी अंथरून मिरचीची भाजी आणि ज्वारी-उडदाच्या कळण्याची भाकरी सोडत होतं, कुणाच्या फोनवर गाणी लागली होती. भिकुबाईने यातलं काही धड पाहिलं नाही. ती सरळ पठार ओलांडून उत्तर दरवाजाशी जाऊन बसली. तिथे दरवाजा उरला नव्हता, उंबऱ्याची फक्त एक लांब शिळा होती, दोन्ही टोकांना बिजागरीची भोकं असलेली. तिथून जंगलातली वाट खाली उतरताना दिसत होती. वळणापर्यंत. त्यापुढे सागाचे फुलोरे आणि त्यांच्यापलीकडे निळे डोंगर.

एक वाजता भेटायचं ठरलं होतं. दीड वाजला, दोन वाजले.

वाट रिकामी होती. खालून एक माणूस शेळ्या घेऊन आला तेव्हा भिकुबाई उठून उभी राहिली आणि तो जवळ आल्यावर पुन्हा बसली. नाल्यापलीकडे लोक अडकल्याचं सांगत तो म्हणाला, "नाल्याला पाणी शे. लोकं थांबेल शेत."

"एक पोरगा, लहान पोर खांद्यावर, बायको संगे, असा कोनी देखा का?"

"लई लोकं शेत, अक्का."

दिपमालाने फोन लावला. लागला नाही. बुरजावर जाऊन लावला, तरी लागला नाही. योगेंद्रने जेवणाचा डबा उघडून सगळ्यांना वाढलं. भिकुबाईने दोन घास खाल्ले आणि भाकरी नव्याला दिली. तीन वाजून गेल्यावर योगेंद्र तिच्याशेजारी येऊन बसला.

"माय, साडेचारला उतरायला लागू. नाहीतर फाटक..."

"तू जाय."

"असं कसं जाऊ?"

"सूर्य मावळाले साडेसहा-सात वाजतीन. मी तवलोंग बठेल शे."

आईने कुणाला असं तोडून बोललेलं योगेंद्रने लहानपणापासून ऐकलं नव्हतं. गवताची काडी मोडत तो म्हणाला, "चुकलंच माझं. मी नानांशी एकदा तरी बोलायला हवं होतं. दर वेळी वाटतं, पुढच्या खेपेला."

"मना बी तेच झाया," भिकुबाई म्हणाली.

पावणेचारला वळणावर आधी एक लाल छत्री दिसली. मिटलेली, काठीसारखी टेकवत आणलेली. मग डोकं. मग डोक्याच्या वर आणखी एक डोकं, पिवळ्या टोपड्यातलं. भिकुबाई उठली नाही.

स्वप्नील वाळला होता. पँट गुडघ्यापर्यंत भिजलेली, दाढीत दोन-चार पांढरे केस. वर येता येताच तो ओरडला, "माय! नाल्यानं दोन तास खाल्ले! पाणी उतरेना!" आणि मग उंबऱ्याच्या शिळेशी येऊन तो नुसता उभा राहिला, पोरगी खांद्यावर तशीच. भिकुबाईने त्याच्या भिजल्या पँटीला हात लावला. हात आधी तिथेच पोहोचला.

"वल्ला व्हयी गया," ती म्हणाली.

"वाळेल."

ममता मागे दोन पावलांवर थांबली होती. सडपातळ, सावळी, केसांना तेल लावून घट्ट वेणी घातलेली. तिने वाकून नमस्कार केला. "आई, बऱ्या आहात ना? दिपमालाताईंनी सांगितलं, गुडघा दुखतो. मी मलम आणलंय, चोळून देते." ती पिशवीत हात घालायला लागली, तर भिकुबाईने तोच हात धरला आणि धरूनच ठेवला. दिपमाला दुसरीकडे बघू लागली.

त्यांची पोरगी रेवा मात्र कुणाकडे जायला तयार नव्हती. खाली उतरवली तर बापाच्या पायाला मिठी मारून उभी राहिली. नव्याने तिला अंजनाचं जोडपान दाखवलं, ते तिने घेतलं आणि तोंडात घातलं. नव्या म्हणाली, "अगं, खायचं नसतं!" यावर रेवा पहिल्यांदा हसली. वरच्या दोन दातांमध्ये तिच्या फट होती. भिकुबाईने ती फट पाहिली. मग ते मागे रेलून उभं राहणं पाहिलं, पोट पुढे काढून. हे सगळं फोनमध्ये दिसत नव्हतं. फोनमध्ये ती नेहमी एवढी जवळ यायची, की एक डोळा आणि कपाळच दिसायचं.

ममताने टोपलीतून उडदाची डाळ आणि मक्याच्या भाकरी काढल्या. सगळ्यांनी पुन्हा थोडं थोडं खाल्लं. योगेंद्र आणि स्वप्नील एकमेकांच्या पोटाची आणि केसांची चेष्टा करत राहिले.

"दादा, तुझं पोट आधी वर पोहोचलं असेल."

"आणि तुझी दाढी? शाळेतली पोरं आबा म्हणत असतील."

"म्हणतातच. मी ऐकू आलं नाही असं करतो."

भिकुबाई ऐकत होती, पण तिचं लक्ष उन्हाकडे होतं. शेवटी तिने पिशवीतून डबा काढला, फडकं सोडलं आणि रोट स्वप्नीलसमोर धरला.

"ले. तुना."

स्वप्नीलच्या तोंडावरचं हसू हळूहळू उतरलं. त्याने रोट लगेच घेतला नाही. "नानांनी नाव घेतलं?"

"नही. मी घिधं. मनमां."

"चार वर्षांनी," तो म्हणाला. त्याने हात पुढे केला. पण त्याच्या आधी खालून एक छोटा हात आला. रेवाला तो गोल, तपकिरी पदार्थ फडक्यात दिसला होता आणि तिने सरळ त्यावर बोटं ठेवली.

ममताने पटकन तो हात मागे ओढला. रागाने नाही. सवयीने, चुलीजवळ गेलेला हात ओढावा तसा. "नको, सोनू. ते बाबाचं आहे. देवाचं आहे."

म्हणजे तिला रीत माहीत होती. स्वप्नीलने कधीतरी सांगितली असणार.

"माय," स्वप्नील म्हणाला, "मुठी किती घेतल्या?"

भिकुबाईने फडक्याचं टोक सरळ केलं.

"एकच?"

"एक."

वेळ नव्हता, नाना वळले असते, असं सांगता आलं असतं. पण तसं नव्हतं. तीन मुठींनाही वेळ होता; नानांना चपला सापडायला नेहमीच वेळ लागतो. खरं असं होतं, की पोत्यात हात घातला तेव्हा तिच्या डोळ्यांसमोर फक्त स्वप्नील होता. तो घरातून गेला तेव्हाचा, एक बॅग घेतलेला, एकटा. ममता आणि रेवा तिला आठवल्या होत्या, रोज आठवायच्या. पण मूठ भरताना आठवल्या नव्हत्या. चार वर्षं ती मनातल्या मनात नानांना म्हणत होती, तुम्ही माझ्या पोराचं नाव गाळलं. आणि संधी मिळाली तेव्हा तिने स्वतः दोन नावं गाळली होती.

"आई, मला काही वाटलं नाही," ममता म्हणाली. "आमच्यातही पूजेचं असतं ना, ज्याचं त्यानेच खायचं. तुम्ही यांना द्या. उन्हं उतरायला लागली."

"मी एकटा नाही खाणार," स्वप्नील म्हणाला.

"अरे, खा ना बाबा," योगेंद्र म्हणाला. "माय सकाळपासून छातीशी धरून बसलीय. देवाचं आहे."

"म्हणूनच नाही. घरात माझं नाव नाही हे मी चार वर्षं सोसलं. आता पोरीसमोर बसून, तिला लांब सारून, मी खाऊ? ती विचारेल. आज नाही, पाच वर्षांनी विचारेल."

"स्वप्नील," दिपमाला हळूच म्हणाली, "आईंकडे बघ."

भिकुबाई रोट हातात घेऊन बसली होती. तो उरला तर स्वप्नीलसाठी बरं नव्हतं. ज्याची मूठ नाही त्याने खाल्ला तर त्या पोरीसाठी बरं नव्हतं. सासूने एवढंच सांगितलं होतं आणि सासूला तिच्या सासूने. काय बरं नसतं ते कुणीही पाहिलेलं नव्हतं. पण मागे ओढलेला तो हात भिकुबाईने आत्ता, दीड हातावरून, स्वतःच्या डोळ्यांनी पाहिला होता. पोरगी रडलीसुद्धा नव्हती. हात ओढल्यावर तिने तो पाठीमागे नेला आणि तिथेच ठेवला, जणू तिला हे आधीपासून ठाऊक होतं.

भिकुबाईने रोट दोन्ही हातांत धरून मोडायचा प्रयत्न केला. मोडेना. सहा दिवसांत तो विटेसारखा झाला होता. तिने तो उंबऱ्याच्या शिळेवर आपटला, एकदा, दोनदा. तिसऱ्यांदा तुकडे झाले, एक उडून गवतात गेला.

"माय, काय करतेस?" योगेंद्र म्हणाला.

"गप रे." तिने गवतातला तुकडा शोधला, फुंकर मारली. मग सगळ्यांना ऐकू जाईल इतक्या मोठ्याने म्हणाली, "स्वप्नील." आणि एक तुकडा त्याच्या हातावर ठेवला. "ममता." दुसरा. तिसरा सगळ्यात लहान होता. तो घेऊन ती गुडघ्यावर टेकली, दुखऱ्याच गुडघ्यावर, आणि पाठीमागे लपलेल्या हाताकडे बघत म्हणाली, "रेवा."

हात यायला वेळ लागला. आला. रेवाने तुकडा चावून बघितला, तो चावेना, मग ती चोखत बसली. गुळाचं पाणी हनुवटीवरून फ्रॉकवर ओघळलं.

"गोड," ती म्हणाली.

ममता तोंड फिरवून खात होती. स्वप्नील एवढ्या मोठ्याने चावत होता, की नव्या म्हणाली, "काका, दगड खाताय का?"

"मूठ नही व्हती," भिकुबाई ममताला म्हणाली. "मनी चूक. तुनी नही, देवनी नही."

ममताने मान हलवली. मलमाची बाटली काढून ती शिळेवर बसली आणि भिकुबाईचा गुडघा मांडीवर घेऊन चोळू लागली. तिची बोटं जाणती होती, नेमकी दुखरी जागा शोधणारी. रेवा तेवढ्या वेळात नव्याचा हात धरून कोठारापर्यंत जाऊन आली, आणि परत आल्यावर भिकुबाईच्या पाठीला टेकून उभी राहिली. पाठीवर तो भार केवढा होता? दहा-अकरा किलो. भिकुबाई हलली नाही, गुडघा चोळून झाल्यावरही.

साडेचार झाले. उत्तरेची वाट लांब, नाल्याचा भरवसा नाही, म्हणून स्वप्नीलला आधी निघायला हवं होतं.

"बोरखेडाले ये," भिकुबाई म्हणाली.

"बोलवलं तर येईन. तिघांना बोलवलं तर."

"हं."

ती शिळेवर उभी राहिली. लाल छत्री, पिवळं टोपडं, टोपली. रेवा बापाच्या खांद्यावरून मागे बघत होती. हात हलवायचं तिला कुणीतरी सांगितलं, तेव्हा तिने उलटा, स्वतःकडे हलवला, लहान मुलं हलवतात तसा. वळण आलं. टोपडं एकदा सागाच्या फांद्यांतून दिसलं, पुन्हा एकदा दिसल्यासारखं वाटलं. त्यानंतर दिसत होतं ते टोपडं की टाकळ्याची पिवळी फुलं, हे भिकुबाईला सांगता आलं नसतं. तरी ती बघत राहिली. योगेंद्रने दोनदा हाक मारली. पाठीवर जिथे पोरगी टेकली होती तिथे लुगडं अजून ऊन होतं, की उन्हानेच तापलं होतं, कुणास ठाऊक.

उतरून फाटकावर पोहोचले तेव्हा सहाला दहा मिनिटं कमी होती.

बोरखेड्याला पोहोचले तेव्हा गुरं परतत होती. योगेंद्रला जळगाव गाठायचं होतं, तो चहा घेऊन निघाला. नाना ओट्यावर उभे राहून गाडी वळेपर्यंत बघत होते. भिकुबाई पायऱ्या चढून आली आणि आत न जाता तिथेच थांबली.

"रोट संपी गया," ती म्हणाली.

"कोणता?"

"सहावा. मी जास्तीनी मूठ टाकेल व्हती."

नानांनी तिच्याकडे पाहिलं. रागाने की कसं, ते मावळतीच्या उजेडात नीट कळलं नाही. शेजारच्या घरात कुणीतरी बादली आपटली.

"कोनी खादा?"

चार वर्षांत त्या ओट्यावर जे झालं नव्हतं ते भिकुबाईने केलं. आवाज न चोरता, रस्त्यावरच्या माणसाला ऐकू जाईल असं. "स्वप्नीलनी. ममतानी. रेवानी."

नाना ओट्याच्या खांबाला धरून उभे होते. पहिलं नाव ऐकताना त्यांची मान हलली नाही. दुसरं ऐकतानाही नाही. तिसऱ्याला मात्र त्यांनी डोळे बारीक केले, शेतात लांबून येणारा माणूस ओळखू येत नाही तेव्हा करायचे तसे.

"रेवा कोन शे?"

भिकुबाईला आधी कळलंच नाही. मग कळलं. नातीचं नाव त्यांना कुणी सांगितलेलंच नव्हतं. पोरगी झाली एवढं गावातून कानावर आलं असेल. त्यापुढे अडीच वर्षं या घरात सगळं भिंतीकडे तोंड करून झालं होतं, आणि त्या भिंतीपलीकडे हा माणूस ओट्यावर दोर वळत बसला होता.

ती वरच्या पायरीवर बसली.

"सांगस," ती म्हणाली. "बसा पहिले."

नाना बसले नाहीत. पण आतही गेले नाहीत. भिकुबाईने दुखरा पाय लांब केला आणि सांगायला सुरुवात केली. आधी दात सांगितले, मग उभं राहणं, मग हात उलटा कसा हलवते ते.